मारुतीची खारी आणि मागचा शॉकर

मारुतीनं पेटीचं झाकण उघडलं आणि स्वतःच दोन पावलं मागं सरला, जसं काही आतून विंचू निघणार आहे. आत खारी होती. म्हणजे सकाळी बेकरीतून निघाली तेव्हा ती खारी होती. आता वरचे दोन थर ओळखू येत होते, त्याखाली सगळा चुरा. मी हात घातला तर मनगटापर्यंत गेला.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"खारी."

"उपीट करायचं का हिचं?"

"मिस्त्री, चेष्टा नंतर करा. मालकानं सांगितलंय, दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाईतर माझी लाइन काढून त्या बाईकवाल्या पोराला देऊन टाकतो."

लाइन म्हणजे रोजचा ठरलेला रस्ता. सकाळी लातूरच्या बेकरीत पत्र्याची पेटी खारी-टोस्टनं भरायची, सायकलच्या मागं लादायची, आसपासची पाच खेडी फिरायची आणि संध्याकाळी रिकामी पेटी घेऊन घरी यायचं. मारुतीला मिसरूड फुटलं तेव्हापासून तो हेच करतो. त्याला शेत नाही, दुसरा हुन्नर नाही. खेड्यातल्या बाया त्याला नावानं हाक मारतात, तेवढीच त्याची इस्टेट. लाइन गेली तर ती पण जाणार.

मी सायकलच्या फ्रेमा करतो. नांदेडला रिक्षा-हातगाड्यांच्या कारखान्यात उमर काढली, आता लातूरला गोलाईच्या बाजारामागं माझं पत्र्याचं दुकान आहे. शिक्षण चौथी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

मारुतीची जुनी काळी सायकल पावसाळ्याआधी मोडली. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकानं बापाला नवी घेऊन दिली. नारिंगी रंग, मांडीएवढे टायर, अंगावर इंग्रजी जनावराचं नाव, आणि मागं शॉकर. शॉकर म्हणजे दणका खाणारी स्प्रिंग, मोटारसायकलला असते तशी.

"जुनीवर किती चुरा व्हायचा?" मी विचारलं.

"तळाला बोटभर. तेवढा मालकाला चालायचा."

"आणि हिच्यावर?"

"मला दणका लागंना झालाय मिस्त्री. एकदम गादीवर बसल्यावानी. खारीचं मात्र असं."

माणूस गादीवर आणि खारी रव्यात. मी सायकल उलटी केली, बघितलं, आणि मारुतीला घेऊन थेट शोरूमला गेलो.

शोरूमचे शेठ माझ्या नातवाच्या वयाचे. काचेच्या दरवाजामागं एसीत बसतात. सायकल हवेत चालते अशी त्यांची समजूत असावी, कारण त्यांना सायकलवर मी कधी पाहिलेलं नाही.

"काका, ही एमटीबी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"माउंटन. डोंगरावर चालवायची."

"लातूरला डोंगर कुठं हाय?"

"रस्ते बघितले नाहीत का काका?"

एवढं एक वाक्य शेठ खरं बोलले. मी पुढं विचारलं, "हिला कॅरिअर कुणी बसवलं?"

"आम्हीच. एक्स्ट्रा. कंपनी देत नाही."

"कंपनी का देत न्हाई?"

"फॅशन राहिली नाही काका कॅरिअरची."

"तुम्ही ते कुठं बसवलं, बघितलं का?"

"मागं. कॅरिअर मागंच असतं ना?" असं म्हणून शेठनं कामावरच्या माणसाकडं बघून डोळा मारला. "आणि लोड घेऊन हळू चालवायची असते. तसं लिहिलंय आतल्या पुस्तिकेत."

"काय लिहिलंय, वाचून दाखवा."

शेठला फोन आला. तो लई वेळ चालला. आम्ही निघालो.

आता ही भानगड तुम्हाला नीट सांगतो, कारण शेठला सांगून उपयोग नव्हता. साध्या सायकलची फ्रेम एकसंध असते. शॉकरवाल्या सायकलची फ्रेम दोन तुकड्यांची. पुढचा तुकडा मोठा, त्याच्यावर सीट, हँडल आणि माणूस. मागचा तुकडा म्हणजे चिमटा, ज्याच्यात मागचं चाक असतं. दोन्ही तुकडे पॅडलजवळ बिजागरीनं जोडलेले आणि मधे स्प्रिंग. खड्डा आला की चाक चिमट्यासकट उडतं, स्प्रिंग दबते, वरचा माणूस जागच्या जागी राहतो. जे स्प्रिंगच्या वर आहे त्याला आराम. जे खाली आहे त्यानं मार खायचा.

शेठच्या माणसानं कॅरिअर चिमट्यावर आवळलं होतं. म्हणजे स्प्रिंगच्या खाली. घोड्याच्या पाठीवर लादायचं सामान त्यानं घोड्याच्या मागच्या पायाला बांधलं होतं. जुन्या सायकलवर निदान माणसाच्या वजनानं चाक दबून राहायचं. इथं चिमटा मोकळा. प्रत्येक खड्ड्याला पेटी घेऊन लाथा झाडत होता.

"मग हे कॅरिअर वर घ्या," मारुती म्हणाला.

"म्हणायला सोपं हाय."

शॉकरच काढून टाका आणि लोखंडी दांडा वेल्ड करा, असं शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं, तळाला बोटभर चुऱ्यावर गाडी परत आली असती. पण माझ्या दुकानात आलेलं काम मोडून साधं करायचं, हे मला पटत नाही. मारुतीला पण पटत नव्हतं. लेकानं शॉकरची घेऊन दिलीय, हे त्यानं पाचही खेड्यांत सांगून ठेवलं होतं.

मी कॅरिअर काढलं. नवं केलं, पाइपाचं, आणि ते पुढच्या तुकड्याला सीटच्या नळीवर पकडलं. मागचं टोक चाकाच्या वर अधांतरी. पेटी भरून ठेवली, मारुती बसला आणि सायकल अशी खाली गेली की टायरनं पेटीच्या बुडाचा रंग खाल्ला. स्प्रिंग एका पोरासाठी केलेली. तिच्यावर मारुती आणि त्याची अख्खी बेकरी बसली होती.

भंगारातून एका मोपेडचा शॉकर आणला. जाड, इमानदार. तो बसवला. आता भरलेली पेटी उभी राहिली. मारुती खुशीत गेला. दोन दिवसांनी आला तो सीटवर न बसता, सायकल हातानं ढकलत.

"काय झालं?"

"जाताना ठीक हाय, चुरा बी थोडा कमी. येताना पेटी रिकामी आसती, तवा सायकल गाढवावानी उडवून राहिली. बसता येईना." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन तवाच पॅडल मारलं की खालीवर खालीवर करती. पोरं हसून राहिलीत. म्हणतात, मारुतीकाकाच्या सायकलला उचकी लागली."

मी चालवून बघितली. खरं होतं. प्रत्येक पॅडलला सायकल नमस्कार करायची. पायातली निम्मी ताकद त्या नमस्कारात जात होती.

ह्याच दिवसांत घटस्थापनेला पल्लवी घरी आली. पल्लवी माझ्या भावाची नात, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. दुकानात आली, सायकलभोवती एक चक्कर मारली, सीटवर बसून भिंतीला टेकून पॅडल दाबून बघितलं. कुणी विचारलं नव्हतं.

"आजोबा, ही उचकी चेनमुळं लागते."

"चेन काय करती?"

"पाय मारला की चेन चाकाला पुढं ओढते. तुमची बिजागरी खाली आहे. चाक ओढलं गेलं की चिमटा वळतो आणि सायकल दबते. चेनचा वरचा पदर जातो ना, त्याच्या बरोबरीला बिजागरी घ्या. मग ओढ सरळ बिजागरीवर जाईल. चिमटा वळणार नाही."

"फ्रेम कापावी लागंल."

"हो."

"तू कधी फ्रेम कापलीस का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर तुमच्याकडं आले."

आजकालची पोरं वाद घालताना समोरच्याला जागाच ठेवत नाहीत. मी तिला चहा सांगायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली तोपर्यंत मी जुनी बिजागरी कापून चार बोटं वर नवी बसवलेली होती. तिनं बिजागरी हलवून बघितली. मी चहा सांगितला. सायकलनं नमस्कार करायचं सोडलं.

राहिली सकाळ-संध्याकाळची गोष्ट. सकाळी भरलेली पेटी, तिला कडक स्प्रिंग पाहिजे. संध्याकाळी रिकामी, तिला मऊ. दोन शॉकर घेऊन तर कुणी फिरणार नाही. ह्याला माझ्याकडं उपाय होता. दरवाजा बिजागरीजवळ धरून ढकलायला जोर लागतो, कडीजवळ बोटानं ढकलला तरी बंद होतो. तसंच शॉकरचं. त्याचं खालचं टोक चिमट्यावर बिजागरीजवळ लावलं की तो बिचारा कमजोर पडतो, सायकल मऊ होते. तेच टोक चाकाकडं सरकवलं की तोच शॉकर दांडगा होतो. चिमट्यावर एक जाड पट्टी लावायची, तिला दोन भोकं. सकाळी बोल्ट मागच्या भोकात, संध्याकाळी पुढच्या. हातानं फिरणारा बोल्ट, पाना नको.

मी पट्टीवर एका रेषेत दोन खुणा केल्या. पल्लवी मागं उभी होतीच.

"सरळ रेषेत नको आजोबा. कमानीत."

"का?"

"शॉकरची लांबी तेवढीच राहणार. सरळ रेषेत पाडली तर भोक बदललं की सीट वरखाली होईल. वरच्या टोकाला दोरी बांधून फिरवा, ती जिथून जाईल तिथं भोकं."

तिनं दोरी बांधली, खडू धरला, कमान काढली आणि तिच्यावर दोन फुल्या मारल्या. मी त्याच फुल्यांवर भोकं पाडली, कारण खडू पुसायला त्या वेळी फडकं सापडलं नाही.

मारुती सायकल घेऊन गेला. संध्याकाळी परत आला. पेटी उघडली.

चुरा.

मी पल्लवीकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. बिजागरी तिची, भोकं माझी, का भोकं तिची आणि बिजागरी माझी, ह्याची वाटणी आमच्या दोघांच्या मनात सुरू झाली होती. सायकल तपासली. स्प्रिंग चांगली, बिजागरी मोकळी, बोल्ट बरोबर भोकात. दुकानात दाबली की दबते, सोडली की उठते. मग रस्त्यावर हिला काय होतं?

"मारुती, उद्या बेकरीत माझ्यासमोर पेटी भर," मी म्हणालो. पल्लवी म्हणाली, मी पण येते.

दुसऱ्या दिवशी मारुतीनं पेटी भरली, कॅरिअरवर ठेवली, तिला कॅरिअरवर धरणारे चारही बोल्ट आवळले. मी मनात म्हटलं, बरोबर. मग त्यानं खिशातून जुन्या ट्यूबची लांब पट्टी काढली. पेटीवरून घेतली, खाली चिमट्याखालून घातली, पाय रोवून ताणली, परत वरून, परत खालून, आणि अशी गाठ मारली की पेटी, कॅरिअर, चिमटा आणि चाकाचा एक्सल सगळे एका कुटुंबात आले.

"हे काय करून राहिला?"

"बांधून राहिलो."

"पेटी चार बोल्टांवर हाय की."

"आसू द्या की. बांधल्याबिगर पेटी घरातून निघती का? माझा बाप बी असंच बांधायचा."

पल्लवीनं तोंडावर ओढणी धरली. स्प्रिंगच्या वरचा तुकडा आणि खालचा तुकडा वेगळे हलावेत म्हणून आम्ही दोघांनी फ्रेम कापली, जोडली, भांडलो. मारुतीनं ते दोन्ही तुकडे ट्यूबनं एकमेकांना आवळून टाकले. शॉकरला कुलूप, ते संध्याकाळी पेटी रिकामी झाल्यावरच सुटायचं. आणि हे आम्हाला त्यानं सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. चड्डीला नाडी घातली हे कुणी सांगतं का?

मी चाकू काढला आणि पट्टी कापली. मारुतीनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्याच्या करदोट्यालाच हात घातला.

"पेटी पडली तर?"

"पडली तर माझ्या डोक्यावर घाल."

"आन मन लागंना तर?"

पल्लवी म्हणाली, "काका, बांधायचीच तर वर सीटला बांधा. खाली काही नको." त्यानं दुसरी पट्टी काढून पेटी सीटला बांधली. कापलेली उचलून त्यानं खिशात टाकली. ट्यूबची पट्टी मारुती फेकत नसतो.

त्या दिवशी बेकरीचे मालक खालेदभाई स्वतः निघाले. दसरा तोंडावर आला होता. बाईकवाला पोरगा गाडी पुसून बेकरीच्या दारात उभाच होता. खालेदभाईंनी मला आपल्या स्कूटरवर मागं बसवलं आणि मारुतीला म्हणाले, "चल. तू आगे, मैं पीछे. पहिल्या गावात पेटी मी उघडणार. चुरा निघाला तर तिथूनच घरी जायचं, बेकरीत यायचं नाही."

मारुतीनं पॅडल मारलं.

गावाबाहेरचा रस्ता पाइपलाइनीसाठी खोदून ठेवलेला. वर माती लोटली होती, ती पावसानं बसलेली. मारुतीच्या मागचं चाक शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली चाललं होतं आणि त्याच्या वर पेटी अशी चालली होती, जशी एखादी म्हातारी पाण्याची कळशी घेऊन सावकाश निघालीय. आमच्या स्कूटरचं मात्र तसं नव्हतं. एका खड्ड्यात खालेदभाईंची टोपी पडली, दुसऱ्यात माझी कवळी हलली.

"मिस्त्री, ये मेरे स्कूटर को बी बिठाते क्या?"

"आधी पेटी उघडा. मग बोलू."

पहिल्या खेड्यात पाराजवळ मारुती थांबला. खाली उतरला आणि पेटीकडं पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेवरून घाम चालला होता. खालेदभाईंनी झाकण उघडलं. वरचा थर शाबूत. त्यांनी दोन्ही हातांनी तो काढून मारुतीच्या पंच्यावर ठेवला. दुसरा शाबूत. तिसरा. अगदी तळातली एक खारी त्यांनी काढली, उन्हात धरून तिचे पदर बघितले आणि खाल्ली. मोडली ती त्यांच्याच दातांनी, त्यांच्याच शर्टावर.

"लाइन तेरीच," ते म्हणाले. "पीछे मुड के देख तो सही."

मारुती वळला. डोळे पुसायचे राहिले होते, ते त्यानं पंच्यानं पुसायला घेतले तर पंच्यावर खारी.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण तेवढ्यात गऊकाकू आल्या. गऊकाकू त्या गावातल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. तोंडात एक दात नाही, हातात स्टीलची वाटी.

"मारुती, चुरा दे रं."

"आज चुरा न्हाई काकू."

"न्हाई म्हंजी?"

"मोडली न्हाई खारी."

"का मोडली न्हाई?"

आतापर्यंत सगळ्यांनी त्याला का मोडली तेवढंच विचारलं होतं. काकूंच्या मागं आणखी दोन म्हाताऱ्या वाट्या घेऊन आल्या, एक सून तान्ह्यासाठी आली. तळाचा बोटभर चुरा जायचा कुठं, ते तेव्हा मला कळलं. चहात टाकून चमच्यानं खायचा. ज्यांना दात नाहीत त्यांचा नाश्ता तो.

"हातानं मोडून देऊ का?" मारुती म्हणाला.

"हाताळलेला नको मला," गऊकाकू म्हणाल्या. "रस्त्यानं झालेला बारीक आसतो. ह्यो कोण म्हातारा? ह्यानं केली का सायकल?"

मी पाराकडं बघितलं. खालेदभाई एवढे हसले की त्यांना स्कूटर धरावी लागली. मग म्हणाले, "मारुती, खारी सलामत राहिली पाहिजे आणि गिऱ्हाईक बी टूटना नहीं. आता तुझं तू बघ."

मारुतीनं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याची सायकल माझ्या दुकानासमोरून गेली तेव्हा वर पेटी होती, सीटला बांधलेली. आणि खाली चिमट्यावर, एक्सलजवळ, गोड्या तेलाचा छोटा रिकामा डबा, काल मी कापलेल्या ट्यूबच्या पट्टीला गाठ मारून आवळलेला. त्यात सकाळी चार मुठी अख्खी खारी टाकायची. स्प्रिंगच्या खाली, म्हणजे सगळा मार त्या डब्याला. पहिलं खेडं येईपर्यंत आत चहाजोगता चुरा तयार. गऊकाकूंची तक्रार बंद झाली. पल्लवीला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं." मी म्हटलं, तुमच्या तेवढं म्हण, माझं धरू नको.

महिनाभरानं शोरूमचे शेठ आले. एसी सोडून, पायी. मारुतीची सायकल दारात होती, तिचे त्यांनी चहूबाजूंनी फोटो काढले.

"काका, हा खालचा डबा कशासाठी?"

"खास सामानासाठी," मी म्हणालो. जास्त विचारलं असतं तर जास्त सांगितलं असतं. त्यांना फोन आला.

आता शोरूमच्या काचेत तशी सायकल उभी आहे. वर कॅरिअर, खाली डबा, डब्याला नारिंगी रंग. गेल्या आठवड्यात एक अंडीवाला माझ्या दुकानात आला. त्याला शेठनं समजावून दिलं होतं की खालचा डबा जमिनीजवळ असतो, म्हणून नाजूक माल त्यातच ठेवायचा. फुटलेल्या अंड्यांनी डबा अजून गळत होता.

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि पहिलं काम म्हणून डब्यात वाचलेली अंडी वर कॅरिअरवर घेतली. ह्या धंद्यात शिकायचं असतं ते एवढंच, स्प्रिंगच्या वर काय ठेवायचं आणि खाली काय. शेठला मी हे फुकट शिकवीन. फक्त त्यांनी फोन बंद करून यावं.